अकराव्या राजाची पेशी

नानामामा गेल्याचं कळलं तो गुरुवार होता, आणि ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, उद्या तर पेशी आहे. वडील रेल्वेत असल्यामुळे आमच्याकडे बातम्या टपालाच्या आधी पोचतात. वसमतच्या स्टेशनवरून पूर्ण्याला, पूर्ण्याहून सिकंदराबादला तारेने निरोप आला आणि वडील भर दुपारी घरी येऊन, टोपी हातात धरून दारातच उभे राहिले. आई मामांची धाकटी बहीण. ती आतून म्हणाली, "दादाचा दमा पुन्हा वाढला का?" वडील टोपी घेऊन तसेच आत गेले. मी पुस्तक मिटलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर मामांचा चेहरा आला नाही. आला तो हळदीचा पत्र्याचा डबा, आणि त्यात एकावर एक पडलेले अकरा राजे... पेशीची, म्हणजे सुनावणीची, वाट पाहत.

हे राजे कोण ते सांगायला हवं. मामा वसमतच्या मुनसफ कोर्टात वकील होते. संस्थानी अंमल, त्यामुळे कामकाज उर्दूत चाले; मामांची उर्दू सुरेख, फारसी तिच्याहून सुरेख आणि इंग्रजीच्या नावाने शून्य. आठवडाभर ते कुणाच्या बांधासाठी, कुणाच्या दत्तकविधानासाठी, कुणाच्या हळदीच्या शेतातून जाणाऱ्या वाटेसाठी भांडत. शुक्रवारी कोर्टाला सुट्टी. त्या दिवशी जेवणं आटोपली की बैठकीतल्या गादीवर पांढरा रुमाल पसरला जाई, डबा उघडला जाई, आणि मामा घरातसुद्धा शेरवानीची वरची गुंडी लावून म्हणत, "पुकारा करा." पुकारा मामी करत. त्या स्वयंपाकघरातून ओरडत, "अर्शक हाजीर है?" आणि पदराला हात पुसत येऊन गादीच्या दुसऱ्या टोकाला बसत. डब्यात आधी हळद असायची, त्यामुळे नाण्यांवरचे सगळे राजे हळद लागलेल्या नवरदेवांसारखे दिसत.

हे राजे पार्थियन, म्हणजे आपल्या पुराणांतले पल्हव. मामा त्यांना फारसीच्या सवयीने अश्कानी म्हणत. साडेचारशेहून जास्त वर्षं त्यांनी इराणावर राज्य केलं, रोमच्या फौजांना दमवलं, आणि स्वतःविषयी जवळजवळ काहीच लिहून ठेवलं नाही. जे लिहिलं ते त्यांच्या शत्रूंनी. लहानपणी मामांचे फारसीचे उस्ताद इराणच्या राजांच्या कहाण्या रंगवून सांगत, पण अश्कानी आले की चार वाक्यांत उरकून पुढे जात. हे मामांच्या मनाला लागून राहिलं होतं. ते म्हणत, "मिसलीच्या कागदांत फक्त वादीचा जबाब आहे. प्रतिवादीचं म्हणणं कुणी ऐकूनच घेतलं नाही. असा फैसला झाला तर आपण अपिलात जाऊ की नाही?" आणि प्रतिवादीने स्वतः पाडलेला, स्वतःच्या तोंडाचा असा पुरावा एकच होता. नाणी.

ही नाणी डब्यात आली ती मामींच्या गळ्यातून. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते, दिवाळीच्या सुट्टीत आले होते. मामा एका दाव्यासाठी हिंगोलीला गेले, तिथे छावणीच्या माळावर इराण्यांचा तळ पडला होता. चाकू-कात्र्या आणि चष्मे विकणारे हे लोक. मामांना चष्मा हवा होता. अस्सल इराणी माणसाशी फारसी बोलायची संधी आली म्हणून त्यांनी उस्तादांकडून शिकलेल्या भाषेत एक लांबलचक, अदबशीर वाक्य म्हटलं. ती बाई ऐकून घेऊन म्हणाली, "साब, हिंदी में बोलो ना." हा अपमान मामा जन्मभर विसरले नाहीत. पण चष्मा घेतला, आणि बाईच्या गळ्यात भोकं पाडलेल्या जुन्या रुपेरी नाण्यांचा हार होता, तोही बायकोसाठी घेतला. गाडीत धूळ बसेल म्हणून चष्मा त्यांनी खिशात ठेवला. त्यामुळे आपण काय घेतलं हे त्यांना घरी येईपर्यंत दिसलेलं नव्हतं.

मामींनी तो हार दुपारी गळ्यात घातला. मामी कुरुंद्याच्या पाटलाच्या लेक, अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून. मामांनी आपणहून काही आणण्याची ती बहुधा पहिलीच वेळ. त्या चार घरी जाऊन दाखवून आल्या. एका घरी तर विरजण मागायला म्हणून गेल्या, आमच्याकडे विरजण असताना. दिवेलागणीला मामांनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मामी समोरून जाताना एकदम म्हणाले, "जरा इकडे या." मामी आल्या. "अजून जवळ." मामी इकडेतिकडे बघत आणखी पुढे झाल्या. मामा त्यांच्या गळ्यापाशी वाकले. मी कोपऱ्यात होते, मला कुठे बघावं कळेना. मामी लाजून मान वळवणार तोच मामा ओरडले, "हलू नका! धनुष्य आहे... अहो, अश्कानी आहेत हे! काढा, काढा!"

हार निघाला. मामी नुसत्या बघत राहिल्या. मामा समजावू लागले की हे राजे उलटसुलट ओवले आहेत, नातू आधी आणि आजा मागून, असा हार घालणं काही बरं नाही. क्रम लावतो आणि नीट गुंफून परत देतो.

"कदी?" मामी म्हणाल्या.

"पुढच्या पेशीला."

"आन् तोवर म्या गळ्यात काय घालू? तारीख?"

दोरा तुटला, नाणी रुमालावर सांडली, आणि मामींनी त्यातलं एक झटकन उचलून मुठीत धरलं. या नाण्यांच्या एका बाजूला राजाचा मुखडा असतो आणि दुसऱ्या बाजूला धनुष्य घेऊन बसलेला माणूस. "ह्यो राम हाय," मामी म्हणाल्या. "राम म्या देनार न्हाई."

"अहो, तो सगळ्यांच्याच मागे आहे."

"मंग तुमाला धा राम राहिले की! मला एक बस हाय."

वकिलाला यावर उत्तर सुचलं नाही. तडजोड झाली. दहा राजे डब्यात गेले आणि अकरावा देवघरात, खंडोबाच्या आणि देवीच्या टाकांशेजारी. राजाच्या मुखड्याचं काय, असं मी धीर करून विचारलं, तेव्हा मामींनी सांगितलं की म्होरं राम म्हणजे मागं दशरथ असणारच, बापाबिगर लेकरू असतंय का. पुढे मामांनी सोनाराकडून रामाचा खराखुरा चांदीचा टाक घडवून आणला आणि त्या बदल्यात अकरावा राजा सोडवला. पण तोवर त्याने देवघरात चांगली दोन वर्षं काढली होती.

आता माझा या सगळ्यात काय संबंध, तर मामांनी मुंबईहून नाण्यांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं होतं आणि ते वाचू शकणारी घराण्यात मी एकटीच होते. मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये होते. तिथे मी तोंड उघडत नसे. वसमतला आले की मराठी चुकेल म्हणून उघडत नसे. पण शुक्रवारी मला साक्षीदार म्हणून गादीवर बसवलं जाई आणि मग सुटका नसे. "शालू बेटा, खुदा को हाजिर जानके पढो," मामा म्हणत. मी वाचायची, अडखळत मराठी करायची. पहिल्याच दिवशी कळलं की प्रत्येक नाण्यावर ग्रीक अक्षरांत नाव एकच असतं, अर्शक. बाप अर्शक, मुलगा अर्शक, भावाला मारून गादीवर बसला तोही अर्शक. लहान नाण्यांवर सन नाही. पुढेपुढे तर अक्षरंही अशी बिघडत जातात की साचा करणाऱ्यालाच ती वाचता येत नसावीत. मामा हबकले. मामी मात्र म्हणाल्या, "ह्यात काय नवीन? आमच्या कुरुंद्यातबी तसंच. आज्याचं नाव नातवाला. एक हाक मारा, तीन म्हातारे आन् चार पोट्टे व्हय म्हनत येतेत."

"मग तुम्ही ओळखता कसं?"

"तोंडावरून. दुसरं काय?"

आणि पुस्तकही तेच म्हणत होतं. मुखडे पाहा, दाढी पाहा, केस कसे विंचरले आहेत ते पाहा, नुसती फीत बांधली आहे की उंच टोपी घातली आहे ते पाहा. मामांनी ते सगळं वारसाहक्काच्या दाव्यासारखं चालवलं. छोटी दाढी विरुद्ध लांब दाढी. फीत विरुद्ध टोपी. मामींचा भर नाकावर. "ह्यो ह्याचा लेक दिसून राहिला, नाक बगा ना." मामा म्हणत, "नाकावरून वारसा शाबीत होत नाही." मामी म्हणत, "तुमच्या कोर्टात होत नसंल, सोयरिकीत होतंय." त्यांनी नाकावरून लावलेल्या नात्यांतली निम्मी पुस्तकाशी जुळत. उरलेल्या निम्म्यांत आजा नातवाचा मुलगा ठरे, तरी त्या माघार घेत नसत.

एका उन्हाळ्यात मामांना भिंगाखाली एका राजाच्या दाढीत कान सापडला. आम्ही तिघेही पाळीपाळीने पाहत राहिलो. दाढीत कान! पुस्तकात शोधलं तेव्हा कळलं की नवा राजा कधीकधी जुन्याचंच नाणं घेऊन त्यावर आपला छाप मारी. खालचा छाप पुसायचा राहिला की तो वरच्यातून डोकावतो. मामींना हे लगेच पटलं. जुनं लुगडं नव्या रंगात बुडवलं तरी काठाशी पहिला रंग दिसतोच. म्हणजे कानवाला आधीचा, दाढीवाला नंतरचा. मामांनी त्या दिवशी सबंध आळीत पेढे वाटले. घेणाऱ्यांना वाटलं, मोठा दावा जिंकला. कुणाचा, विचारल्यावर मामा म्हणाले, "दाढीवाल्याचा."

मग चामखीळ आली. पुस्तकात एका जागी होतं की अमुक राजापासून पुढे काहींच्या कपाळावर ती दिसते, बापाची मुलाकडे गेलेली असावी. मला मराठी शब्द येईना. मी इंग्रजी शब्द दोनदा म्हटला. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी मी बोट पुढे करून मामांच्या नाकाशेजारी टेकवलं. तिथे त्यांची स्वतःची होती, हरभऱ्याएवढी. मामी पदर तोंडात कोंबून अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. मामांनी आरसा मागवला. बराच वेळ त्यात पाहून ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्या वडिलांनाही होती. पुरावा ग्राह्य आहे."

चामखिळीने काम झपाट्याने पुढे सरकलं. होता होता दहा राजे रांगेत बसले. अडला तो अकरावा, देवघरातून आलेला. त्याची टोपी चामखिळीवाल्यांची, दाढी चामखिळीवाल्यांची, नाक तर मामींच्या मते "डिट्टो बापाचं", आणि कपाळ मात्र साफ. त्याला चामखिळीच्या आधी ठेवावं तर टोपी आड येते, नंतर ठेवावं तर कपाळ. मामांनी तारीख दिली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तारीख. मी शाळा संपवून कॉलेजात गेले तरी तारीखच.

"धा तर ओवा," मामी म्हणत. "अकराव्याचं मागून बगू."

"मधला एक गाळला तर वंश तुटतो."

"तुमचा वंश तुटंना म्हनून माझा गळा ओस पडून राहिला, त्याचं काय?"

हे त्या हसत म्हणत, पण नेहमीच हसत नव्हत्या. लग्नकार्याला निघताना आरशासमोर त्यांचा हात एकदा गळ्यावरून फिरे, हे मी पाहिलेलं आहे. तिथे दुसरे दागिने होते, चांगले सोन्याचे. तरी.

गेल्या दिवाळीत मी वसमतला गेले ती मामा असतानाची शेवटची खेप. संस्थानात दंग्यांचे दिवस होते, गाडी सुटेल की नाही याचीच खात्री नव्हती, पण मामांचा दमा वाढला होता म्हणून वडिलांनी मला सोडलं. सकाळी मी देवघराच्या उंबऱ्यावर बसले होते. मामी चिंच आणि राख घेऊन टाक घासत होत्या. प्रत्येक देव डाव्या तळव्यावर, आणि उजवा अंगठा त्याच्या तोंडावरून गोल गोल. मी नीट पाहिलं तर खंडोबाला नाकच नव्हतं. देवीचे डोळे सपाट. सोनाराने केलेला नवा रामही आता कुणीही असू शकला असता. मी म्हटलं, "मामी, किती घासता." त्या म्हणाल्या, "ह्ये काहीच न्हाई. त्या दशरथाच्या कपाळाला कुनाच्या तरी जुन्या पूजेचं गंध वाळून चिकटलं होतं. चार म्हैने चिंच लावून राहिले, तवा कुठं निघालं."

मी तशीच उठले. मी कधी कुणाच्या खोलीत धावत गेलेली नाही, त्या दिवशी गेले. मामा उशांना टेकून बसले होते. मी म्हटलं, "मामा, अकरावा... त्याला चामखीळ होती! मामींनी..."

"दार लोटून घे," मामा म्हणाले.

मी लोटलं.

"तुला आज कळलं. मला कळून बरीच वर्षं झाली. मी काय देव घासताना पाहत नाही?" मग श्वास घ्यायला थांबून म्हणाले, "तो नववा. आठव्याचा मुलगा. तुझ्या मामीचं नाक बरोबर होतं."

"मग हार?"

ते खिडकीकडे पाहत राहिले. वकिलाला शब्द सापडत नाहीत असं मी त्यांच्या बाबतीत दोनदाच पाहिलं, एकदा रामाच्या वेळी आणि एकदा हे. "शालू, निकाल लागला की पक्षकार घरी जातात," ते म्हणाले. "ही बाई दिवसभर चूल, गोठा, आलं-गेलं यांत असते. माझ्याजवळ नुसती येऊन बसत नाही. कशाला बसेल, मी काय बोलतो तिच्याशी? पण शुक्रवारी पुकारा होतो... आणि बसते. भांडते, पण बसते." मग एकदम कोर्टाच्या आवाजात, "तूर्त तारीख दे. हिवाळा सरल्यावर पाहू. ओवूनच टाकू."

हिवाळा सरला नाही.

तेरावं झाल्यावर पाहुणे गेले, मी मामींसोबत राहिले. शुक्रवार आला. दुपारी मामींनी गादीवर रुमाल पसरला, डबा आणून ठेवला आणि आपल्या टोकाला जाऊन बसल्या. पुकारा कुणी केला नाही. मला वाटलं, जे मामींचं आहे ते त्यांना मिळालं पाहिजे. मी राजे रांगेत लावले, अकराव्याला उचलून नवव्या जागी ठेवलं, आणि सगळं सांगितलं. गंध, चामखीळ, खिडकी, पक्षकार... सगळं.

मामींनी एकदा त्या रांगेवरून नजर फिरवली. मग त्यांचा चेहरा लाल होत गेला. "म्हंजे हार तय्यारच होता?"

"हो."

"इतकी वर्सं?"

"हो."

त्या मामांच्या रिकाम्या टोकाकडे वळल्या आणि असा तोंडाचा पट्टा सोडला की गोठ्यातली म्हैस ओरडली. "अवो वकीलसायेब! जगाचे दावे उलटसुलट करता, आन् घरात खोट्या तारखा? मला बसवून घ्याया राजे लागतेत व्हय तुमाला? नुसतं 'ये, बस' म्हनला असता तर बसले नसते का म्या? तेवढं म्हनायला तोंड न्हवतं का वकिलाला?" मग आवाज खाली आला. "आन् म्या तरी काहून थांबले पुकाऱ्यासाठी... बसायचं होतं तर बसायचं होतं."

रुमाल जवळ ओढून त्या म्हणाल्या, "पोरी, दोरा आन."

मी क्रमाने एकेक राजा देत गेले, त्या ओवत गेल्या. अकरावा आला तेव्हा त्यांनी त्याला तळव्यावर घेऊन पाहिलं आणि सवयीने अंगठा कपाळाकडे नेला... मग हसून ओवून टाकला, बापाशेजारी. हार पुरा झाला. तो हातात धरून त्या बसल्या. विधवा बाईने तो कुठे घालायचा, हे माझ्याही मनात आलं होतं, पण बोलायची हिंमत नव्हती. त्याच आठवड्यात परभणीहून मामांचा मोठा केलेला फोटो चौकटीत बसून आला होता. मामी उठल्या. "फोटोला हार लागतोच की," त्या म्हणाल्या, आणि तो त्यांनी चौकटीवर चढवला. रेशमी दोऱ्यात अकरा अर्शक, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शेरवानीच्या वरच्या गुंडीच्या बरोबर खाली.

मग त्या मागे सरून बघू लागल्या. भुवया आक्रसल्या. "शाले, ह्यो कोन मानूस हाय?"

मी पाहिलं. फोटोवाल्याने मोठ्या कळकळीने मामांचा चेहरा साफसूफ केला होता. सुरकुत्या पुसल्या होत्या, आणि नाकाशेजारची चामखीळ गायब होती.

मामी आत गेल्या. समईवर जमलेली काजळी अंगठ्याला लावून परत आल्या, पाटावर चढल्या, आणि काचेवर नाकाशेजारी तो अंगठा अलगद टेकवून एक काळा ठिपका उठवला, हरभऱ्याएवढा.

काच पुसली की तो ठिपका जातो. मामी दर शुक्रवारी काच पुसतात आणि पुन्हा लावतात. मग गादीवर, आता फोटोच्या अगदी खाली, पुकारा न करता येऊन बसतात.